जुनी येझदी अडखळतेय? इंजिन उघडण्याआधी एवढं तपासा

सावनेर, केळवद, पाटणसावंगीकडे काही घरांच्या पडवीत अब्बांची येझदी अजूनही ताडपत्रीखाली उभी असते. ईद जवळ आली की घरातलं पोरगं तिला बाहेर काढतं. पंधरा-वीस किक मारल्यावर गाडी सुरू होते, चौकापर्यंत जाते आणि धापा टाकत बंद पडते. मग गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: "इंजिन गेलं, बोअर करावं लागेल."

आमच्या घरीही हेच झालं. बोअर केलं, नवा पिस्टन टाकला, हजारो रुपये गेले आणि गाडी तशीच. शेवटी दोष निघाला कंडेन्सरमध्ये, म्हणजे बोटाएवढ्या एका डबीत! न लागणारा पार्ट बदलणं हाही इसराफच. म्हणून साधा नियम ठेवा: स्वस्त आणि सोपं ते आधी, इंजिन सगळ्यात शेवटी.

ही गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची. तो १९९६ मध्ये बंद पडला. २५० सीसीचं हे इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्यात पिस्टनला लागणारं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, लिटरला साधारण ४० मिली. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो.

पहिलं, पेट्रोल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाशी बसतं, आणि नळीत तेच आधी उतरतं. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशरही इथेनॉलने खराब होतात. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. तळाशी वेगळा थर किंवा गंज दिसला तर टाकी रिकामी करून धुवा, कार्ब्युरेटरचे जेट साफ करा. चोक ओढल्यावरच गाडी चालत असेल तर बहुतेक जेट तुंबलेलं असतं. दोन-तीन किलोमीटरवर बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडताच सुरू होते? मग झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय.

दुसरं, करंट. गाडी थोडी चालवून, इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून रंग बघा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. काळा-ओला म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त, नाहीतर करंट कमजोर. पांढरा म्हणजे कुठून तरी जादा हवा येतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. पॉइंटवाल्या गाडीत पॉइंट साफ करा आणि फटीचं माप फिलर गेजने ०.४ मिमी ठेवा. थंड असताना छान चालते, तापली की बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, तर संशय कंडेन्सरवर किंवा कॉइलवर घ्या. आपल्याकडच्या मे महिन्यात हा दोष लवकर उघडा पडतो. करंट तपासताना जवळ पेट्रोल उघडं ठेवू नका आणि लहान मुलांना लांब ठेवा.

तिसरं, हवा. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन आपोआप जोरात फिरत राहिलं तर कार्ब्युरेटरचं पॅकिंग किंवा क्रँकचं ऑइल सील गेलेलं असू शकतं. अशी गाडी तशीच पळवू नका, पिस्टन जाम होईल. भरपूर पांढरा धूर येतोय आणि गिअर ऑइल कमी होतंय, तर क्लचच्या बाजूचं सील बघा.

चौथं, सायलेन्सर. गाडी उचलत नाही, दम कोंडल्यासारखी चालते, तेव्हा आतल्या जाळीत कार्बन साचलेला असतो. जाळी काढून तारेच्या ब्रशने घासा आणि परत बसवा. आवाजासाठी ती काढून फेकणारी पोरं गाडीची ताकदही घालवतात.

हे चारही ठीक निघालं आणि किक तरीही हलकी, पोकळ लागली, तर मात्र पिस्टन, रिंग आणि बोअर तपासायला हरकत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही. वर्गात गणित सोडवतानाही आम्ही मुलांना एक-एक पायरी लिहायला लावतो, ती याचसाठी.

मेकॅनिकभाईंकडे जाताना नुसतं "चालत नाही" म्हणू नका. थंड असताना बंद पडते की तापल्यावर, किती अंतरावर, आणि प्लगचा रंग कसा, हे तीन मुद्दे सांगा. पॉइंट आणि कार्ब्युरेटर जाणणारे जुने उस्ताद आता कमी उरलेत. त्यामुळे घरातल्या पोराला सोबत न्या, उस्ताद काय करतात ते शेजारी बसून बघू द्या. अब्बांची गाडी ही अमानत आहे, आणि पुढे ती त्यालाच सांभाळायची आहे.