बादली कोणती घ्यायची? – फरशीच्या जोडांमागचं थोडं इंजिनिअरिंग

सिव्हिलच्या मुलांना बीम, कॉलम, फूटिंग हे विषय आवडतात. फरशी म्हटलं की "ते मिस्त्रीचं काम" म्हणून आपण पान उलटतो. आणि फरशीचे जोड पुसायची बादली हा लेखाचा विषय आहे म्हटल्यावर तर एडिटर साहेबांनीही माझ्याकडे दोन वेळा पाहिलं! पण मित्रांनो, घरमालक बीम कधीच बघत नाही. तो बघतो ती फरशी, आणि मिस्त्रीचे पैसे अडतात तेही फरशीवरच.

मी अणदूरचा. जिल्हा धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद), तालुका तुळजापूर. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गजवळचं हे गाव. आमच्या खंडोबाची मूर्ती वर्षातले काही दिवस नळदुर्गला आणि बाकीचे दिवस अणदूरला असते, त्यामुळे बऱ्याच लोकांना गावाचं नाव माहीत असतं. आमच्या भागात पूर्वी घरोघरी शहाबादी फरशी असायची. जोड चांगले बोटभर रुंद, त्यात सिमेंट भरलं की झालं. थोडं सिमेंट फरशीवर सांडलं तरी काळपट दगडावर कोण बघतो? आता मोरबीच्या चकचकीत व्हिट्रिफाईड टाईल्स आल्या. जोड २–३ मिलिमीटरचा, आणि टाईलवर पांढुरका थर राहिला तर उजेडात लगेच दिसतो.

माझे मामा फरशीचं काम करतात. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्यासोबत साईटवर होतो. एका घरी काम संपलं, पाचव्या दिवशी फरशी वाळली आणि सगळीकडे दुधी डाग उमटले. मालकाने शेवटचे पैसे रोखून धरले. दुकानदार म्हणाला, "ॲसिड मारा, जाईल." मामांनी मारलं नाही. ते मला म्हणाले, "आरं, ॲसिडनं डाग जातो, पण जोड बी खातो. मग दोन महिन्यांनी मालक परत हाका मारतो." मामांचं हे म्हणणं केमिस्ट्रीला धरूनच आहे. सिमेंटच्या जोडात कॅल्शियमची संयुगं असतात आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड डाग नि जोड असा भेद करत नाही.

मग हा डाग येतो कुठून? बहुतेक वेळा बादलीतून.

आधी जोड कसा पुसतात ते बघू

जोडात ग्राउट (भरायचा मसाला) रबरी पट्टीने दाबून भरतात. जास्तीचा माल पट्टीनेच काढायचा. मग थोडा वेळ थांबायचं. किती, ते पाकिटावर लिहिलेलं असतं, पण आमच्याकडच्या मे महिन्यात त्याहून लवकर सुकतं, म्हणून अंगठा लावून बघायचा. ठसा उमटला नाही की ओल्या स्पंजने जोडाला तिरपं पुसायचं. स्पंजची एक बाजू एकदाच फिरवायची, मग धुवायची. शेवटी कोरड्या कापडाने उरलेली भुकटी काढायची.

यात पाण्याचे दोन धोके आहेत. स्पंज निथळता असेल तर पाणी जोडात शिरतं. पाणी–सिमेंट गुणोत्तर आपण काँक्रिटसाठी पाठ करतो, ते इथेही लागू आहे: पाणी वाढलं की ताकद कमी, रंग फिका, वर बारीक भोकं. दुसरा धोका म्हणजे पाणी गढूळ असेल तर आपण फरशी पुसत नाही, पातळ सिमेंट सारवत असतो!

आता एक हिशोब. १० बाय १२ फुटांची खोली, २ बाय २ च्या टाईल्स, जोड ३ मिलिमीटर रुंद आणि ९ मिलिमीटर खोल. सगळ्या जोडांचं आकारमान काढलं तर जेमतेम १ लिटर भरतं. म्हणजे माल १ लिटर, आणि तो पुसायला पाणी लागतं कित्येक बादल्या. अणदूरसारख्या गावात, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथे हे गणित महत्त्वाचं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात "पाणी सारखं बदला" हा सल्ला देणं सोपं, पाळणं अवघड.

एक बादली की दोन?

समजा, दर वेळी स्पंज धुताना ५ ग्रॅम सिमेंट पाण्यात उतरतं. स्पंज पिळल्यावरही त्यात १०० मिलिलिटर पाणी राहतं. (आकडे गणितासाठी धरलेत, तुम्ही साईटवर मोजून बदला.)

एकच २० लिटरची बादली असेल तर २० वेळा धुतल्यावर १०० ग्रॅम सिमेंट २० लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम.

आता तेच २० लिटर पाणी १०–१० लिटर असं दोन बादल्यांत घ्या. स्पंज पहिल्या बादलीत धुवायचा, पिळायचा, मग दुसऱ्या बादलीत बुडवून पुन्हा पिळायचा आणि फरशीवर न्यायचा. २० वेळा धुतल्यावर पहिल्या बादलीत लिटरला जवळपास १० ग्रॅम, पण दुसरीत फक्त १ ग्रॅमच्या आसपास. पाणी तेवढंच, पण फरशीला लागणारं पाणी पाचपट स्वच्छ!

तुलनेसाठी एक माप सांगतो. आयएस ४५६:२००० मध्ये काँक्रिटमध्ये मिसळायच्या पाण्यात तरंगत्या कणांची मर्यादा लिटरला २००० मिलिग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम दिली आहे. ती पुसायच्या पाण्यासाठी नाही, पण अंदाजाला बरी. एकच बादली वापरली तर ही रेषा आठव्या धुण्यालाच गाठली जाते. ८० वेळा स्पंज धुवायचा असेल तर १० वेळा पाणी बदला, म्हणजे २०० लिटर, अख्खं एक पिंप. दोन बादल्यांच्या पद्धतीत दर २० धुण्यांनी पहिली बादली ओतायची, दुसरी बादली पहिलीच्या जागी सरकवायची आणि फक्त १० लिटर ताजं पाणी घ्यायचं. ८० धुण्यांना ५० लिटर पुरतं, आणि दुसऱ्या बादलीतलं पाणी शेवटपर्यंत दीड ग्रॅमच्या आतच राहतं.

म्हणून बादली निवडताना पहिला प्रश्न किमतीचा किंवा कंपनीचा नाही. घाण पाणी आणि स्वच्छ पाणी वेगळं राहतं का, हा पहिला प्रश्न.

मग बाकीचे प्रश्न

१) पिळायची सोय: वरच्या गणितात स्पंजमध्ये १०० ऐवजी २०० मिलिलिटर पाणी राहिलं तर दुसरी बादली दुप्पट वेगाने घाण होते. म्हणून तयार बादल्यांवर रोलर असतात. त्यावर स्पंज दाबून ओढला की दर वेळी सारखंच पाणी निघतं. हाताने पिळताना सकाळी जोर असतो, संध्याकाळी मनगट दुखतं आणि स्पंज निथळतो. रोलर घेतलेत तर तो काढून धुता येतो का आणि खिळे-स्क्रू गंजणारे नाहीत ना, हे बघा.

२) तळाची जाळी: स्टोक्सचा नियम आठवतोय का? फ्लुइड मेकॅनिक्सच्या वायव्हात हमखास विचारतात. कणाचा व्यास दुप्पट, तर बसण्याचा वेग चौपट. ५० मायक्रॉनचा सिमेंटचा कण सेकंदाला साधारण ३ मिलिमीटर खाली जातो, १५ सेंटिमीटर उतरायला एक मिनिटही लागत नाही. १० मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतराला २० मिनिटांच्या वर वेळ लागतो. म्हणजे जाड गाळ तळाला बसतोच, फक्त स्पंजने तो पुन्हा ढवळू नये. त्यासाठी तळापासून चार बोटं वर जाळी हवी. भांडी निथळायची प्लास्टिकची टोपली उलटी ठेवली तरी चालते.

३) तोंड आणि खोली: स्पंज आडवा बुडेल एवढं तोंड हवं. घमेलं उथळ पडतं, स्पंज थेट गाळाला टेकतो. माल कालवायला घमेलं, धुवायला बादली.

४) वजन: २० लिटर पाणी म्हणजे २० किलो. जिन्याने वर न्यायचं तर १०–१० लिटरच्या दोन बादल्या दोन हातांत बऱ्या. कडीला मूठ असावी.

५) रंग: आतून पांढरी बादली घ्या. पाणी कधी बदलायचं ते डोळ्याला कळतं. काळ्या बादलीत सगळंच पाणी सारखं दिसतं.

हे सगळं जमवायला महागडी बादली लागतेच असं नाही. रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या, एक टोपली आणि चांगला जाड स्पंज एवढ्यात मामांचं काम भागलं. रोज मोठी कामं असतील तर मात्र रोलरची बादली घ्यावी, मनगट वाचतं.

काही गोष्टी राहू नयेत

आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड. ते नुसतं वाळलं तरी क्षाराचा पांढरा ठिपका राहतो. म्हणून काम सुरू करण्याआधी टाईलच्या एका तुकड्यावर साध्या पाण्याचे चार थेंब वाळू द्या. ठिपके पडले तर दोष ग्राउटचा नाही, आणि शेवटचं कोरडं पुसणं टाळून चालणार नाही.

सिमेंटच्या पाण्याचा पीएच १२ च्या पुढे जातो. दिवसभर त्यात हात घातले की बोटांना चिरा पडतात. रबरी हातमोजे बादलीबरोबरच विकत घ्या.

घाण पाणी बाथरूमच्या जाळीत ओतू नका, पाईपमध्ये सिमेंट बसतं. रात्रभर बादली तशीच ठेवली तर गाळ खाली बसतो. वरचं पाणी दुसऱ्या दिवशी पहिल्या बादलीत वापरता येतं.

इपॉक्सी ग्राउटला हा सगळा हिशोब तसाच लागू होत नाही. तिथे चिकट रेझिन असतं, ते स्पंजला धरतं. त्याची वेगळी बादली, वेगळा स्पंज आणि पाकिटावरच्या सूचना तंतोतंत पाळायच्या.

मामांचे अडलेले पैसे पुढे मिळाले, पण दोन माणसांचे दोन दिवस फरशी पुन्हा घासण्यात गेले. त्या दोन दिवसांची मजुरी कुणीच देत नाही. आपण उद्या साइट इंजिनिअर होऊ, बिलावर सही करू. फरशीवर डाग दिसला म्हणून मिस्त्रीचे पैसे कापण्याआधी त्याला दुसरी बादली आणि पुरेसं पाणी आपण दिलं होतं का, एवढं जरूर विचारा. सुट्टीत साइटवर जाणार असाल तर एक दिवस स्पंज हातात घेऊन वरचे आकडे स्वतः मोजा. पुढच्या अंकात तुमचे आकडे छापायला आम्हाला आवडेल.