मळीचे मोल

१९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर एशिया इंडियाच्या एका विमानात नेहमीच्या इंधनाबरोबर थोडे निराळे इंधन मिसळलेले होते. प्रमाण जेमतेम एक टक्क्यापर्यंतचे. पण ते देशातच, उसाच्या मळीपासून तयार झालेले होते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ते अमेरिकेच्या जीवो कंपनीच्या तंत्रज्ञानाने बनवले आणि सरकारी मालकीची इंडियन ऑइल त्यात भागीदार होती. साखरेचे दाणे काढून झाले की तळाशी जो काळा, दाट, सावकाश ओघळणारा पाक उरतो, ती मळी. तिच्यात साखर असते, पण ती दाण्याच्या रूपात काढणे परवडत नाही. एके काळी ही मळी साठवायची कुठे, हीच कारखान्यांपुढची अडचण होती. तिचे इंधन झाले ते रसायनशास्त्राने जितके, तितकेच सरकार, सहकारी कारखाने आणि खासगी कंपन्या एकाच वेळी एका दिशेने चालल्या म्हणून. ज्या वर्षी यातले कोणी थांबले, त्या वर्षी सगळेच थांबले.

गव्हाणीत पडलेल्या एक टन उसाचा हिशेब पाहा. त्यातून साधारण १०० ते ११० किलो साखर मिळते. २८० ते ३०० किलो बगॅस म्हणजे चिपाडाचा भुसा निघतो आणि त्यातले निम्मे वजन पाण्याचे असते. मळी ४० ते ४५ किलो, प्रेसमड म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ ३० ते ४० किलो. म्हणजे ज्या साखरेच्या नावाने कारखाना ओळखला जातो ती वजनाने जेमतेम दहावा हिस्सा. बगॅस बॉयलरमध्ये जातो, त्याच्या वाफेवर कारखाना चालतो आणि सहवीजनिर्मिती प्रकल्प असेल तर उरलेली वीज राज्याच्या जाळ्यात जाते. प्रेसमडचे कंपोस्ट होऊन ते पुन्हा रानात येते.

मळीचा प्रवास सर्वांत विलक्षण. पाण्याने पातळ करून तिच्यात यीस्ट सोडतात. दीड-एक दिवसात यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करते, पण ते द्रावणात दहा टक्क्यांच्या आसपासच असते. ऊर्ध्वपातनाच्या उंच मनोऱ्यांतून ते ९५ टक्क्यांपर्यंत चढते आणि तिथे अडते, कारण त्यापुढे पाणी आणि अल्कोहोल बरोबरच उकळू लागतात. पेट्रोलमध्ये मिसळायला तर जवळजवळ कोरडे इथेनॉल लागते. इथे झिओलाइट नावाच्या खनिजाचे बारीक गोळे कामाला येतात. त्यांच्या अंगातली छिद्रे सुमारे ३ अँगस्ट्रॉमची, म्हणजे मिलिमीटरच्या कोट्यंश भागांत मोजायची. पाण्याचा रेणू त्यांत शिरतो, इथेनॉलचा त्याहून मोठा रेणू बाहेरच राहतो. पीठ चाळताना कोंडा वर राहावा तसेच हे, फक्त चाळणी रेणूंची. अशा रीतीने एक टन मळीतून सव्वादोनशे ते अडीचशे लीटर इथेनॉल हाती येते.

हे सगळे माहीत असूनही ते रस्त्यावरच्या गाडीपर्यंत पोहोचायला पन्नासहून अधिक वर्षे गेली. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याचा कायदा देशात १९४८ सालीच झाला होता. तो जवळपास कागदावरच राहिला आणि २००० मध्ये रद्द झाला. पुढच्याच वर्षी पथदर्शी प्रयोगांसाठी निवडलेल्या ठिकाणांत महाराष्ट्रातली दोन होती, मिरज आणि मनमाड. जानेवारी २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम आला, पण भावाची खात्री नव्हती. तेल कंपन्यांच्या निविदा निघत, कारखान्यांना दर पटत नसे, आणि तीच मळी दारू व रसायनांच्या उद्योगाकडे जाई. २०१३-१४ मध्ये देशभरात मिश्रण दीड टक्क्यावरच होते. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारने इथेनॉलचा खरेदी दर आधीच जाहीर करायला सुरुवात केली आणि चित्र पालटले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाचा रस आणि बी-हेवी मळी, म्हणजे सगळी साखर न काढलेली मळी, यांनाही वाट मोकळी केली, आसवनी म्हणजे अल्कोहोलचे कारखाने उभारायला व्याज सवलतीची कर्जे मिळाली, २०२२ मध्ये दहा टक्के गाठले गेले आणि २०२५ मध्ये वीस.

आधी जाहीर होणाऱ्या दराने कारखान्यांत आलेल्या विश्वासाला डिसेंबर २०२३ मध्ये तडा गेला. पाऊस कमी, साखर कमी पडण्याची भीती. केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधन घातले. काही दिवसांत ते सैल केले आणि पुढच्या हंगामासाठी उठवले, हे खरे. पण कर्ज काढून प्रकल्प उभारलेल्या कारखान्याचे हप्ते त्या काळातही चालूच होते. त्याच २०२३-२४ च्या हंगामात मक्याने इथेनॉलच्या कच्च्या मालात उसाला मागे टाकले.

भागीदारीची सुरुवात मात्र आसवनीपासून नाही, बेण्यापासून होते. १९१२ मध्ये कोइमतूरला सरकारी ऊस पैदास केंद्र निघाले. तिथे जाड, गोड उसाचा रानटी, काटक उसाशी संकर करून को २०५ हा वाण १९१८ मध्ये बाहेर आला. ऊस सगळीकडे नीट फुलत नाही, कोइमतूरच्या हवेत फुलतो. आपल्याकडे आंबोलीच्या दमट डोंगरातही फुलतो, म्हणून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने आपले पैदास केंद्र तिथे केले. तुऱ्यातले बी कापसाच्या तंतूत अडकलेल्या कणाएवढे. त्यातून हजारो रोपे वाढवायची आणि वर्षानुवर्षे नापास करत जायची, तेव्हा एखादा वाण उरतो. मांजरीची ही संस्था १९७५ मध्ये सुरू झाली आणि कारखान्यांच्या वर्गणीवर चालते. पाडेगावचे सरकारी संशोधन केंद्र १९३२ पासूनचे; क्षारपड रानातही तग धरणारा फुले २६५ तिथला.

आसवनीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एक लीटर अल्कोहोलमागे आठ ते बारा लीटर तपकिरी, आंबूस स्पेंट वॉश निघतो. तो ओढ्यात सोडला तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. आता अनेक ठिकाणी तो आटवून जाळतात. उसाने मातीतून उचललेले पालाश राखेत सापडते आणि त्या राखेचे खत होते. पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये देशाला अर्पण झालेल्या इंडियन ऑइलच्या प्रकल्पात तर भाताचा पेंढाच कच्चा माल आहे. रोज एक लाख लीटर इथेनॉलची त्याची क्षमता आणि तंत्रज्ञान पुन्हा प्राजचे. खाण्याचे पीक आणि इंधन यांच्यातला वाद तिथे उरत नाही, म्हणून तो मार्ग मला जास्त आशेचा वाटतो.

उसाचा मार्ग मात्र पाण्यापाशी अडतो, कारण आपल्या उसाला पाणी फार लागते. पिकाखालच्या जमिनीतला लहान वाटा घेऊन तो सिंचनाच्या पाण्याचा मोठा भाग पितो. ठिबकाशिवाय आडसाली, म्हणजे दीड वर्ष रानात राहणाऱ्या, उसाचे क्षेत्र वाढवत इथेनॉल वाढवायचे, तर दुष्काळी तालुक्यांनी ते सोसायचे. आणि बीडहून दरवर्षी येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्यांचा, मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ उचलीत अडकलेला हिशेब अजून तसाच आहे.

राहिला प्रश्न शेतकऱ्याच्या हिश्शाचा. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, साखर उताऱ्यावर ठरते, इथेनॉल आणि विजेवर नाही. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातले सत्तर टक्के ऊस उत्पादकाला द्यावेत असे सुचवले. महाराष्ट्राने ऊसदराच्या नियमनाचा कायदा २०१३ मध्ये केला. मळीचे मोल वाढले आहेच. आता प्रत्येक कारखान्याने इथेनॉल, वीज आणि खताचा हिशेब साखरेच्या हिशेबाशेजारी, सभासदांना वाचता येईल अशा मराठीत, हंगाम संपताच मांडायला हवा.