गुरुजींचा पगार पोरांच्या मार्कांवर ठरवावा का?

पोरगं पाचवीत गेलं, पण दुसरीचा धडा अडखळत वाचतंय. वजाबाकीत हातचा घेता येत नाही. मग पारावर विषय निघतोच, "पोरांना काही येवो न येवो, गुरुजींचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला! शेतात पिकलं नाही तर आपल्याला कोण पैसे देतं? यांचाही पगार पोरांच्या मार्कांवर ठेवा, मग बघा कसे शिकवतात."

ऐकायला हे बरोबर वाटतं. बोलणाऱ्याचा रागही खोटा नाही, कारण वर्ष वाया जातं ते त्याच्या पोराचं. पण हा प्रयोग जगात बऱ्याच ठिकाणी झालाय, तेव्हा आपल्या शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशातही झालाय. त्यातून निघालेलं उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असं नाही. मूळ पगाराला हात न लावता, पोरं किती पुढं सरकली हे बघून वर बक्षीस दिलं तर फायदा होऊ शकतो. पण नुसत्या निकालावर पगार अडवला तर नुकसान होतं, आणि तेही कच्च्या पोरांचंच जास्त.

महाराष्ट्रात काय झालं होतं?

आपल्याकडे शिक्षकांना १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी मिळते. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने त्याला नव्या अटी जोडल्या. शाळा 'शाळासिद्धी'च्या मूल्यांकनात 'अ' श्रेणीत हवी आणि माध्यमिक शाळेचा नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांच्या वर हवा, अशा त्या अटी होत्या. म्हणजे वाढीव पगार शाळेच्या निकालाशी बांधला गेला.

शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. त्यांचं म्हणणं असं, की 'अ' श्रेणीसाठी इमारत, पाणी, स्वच्छतागृह अशा गोष्टीही मोजल्या जातात. शाळेचं छत गळत असेल तर त्यात गणिताच्या बाईंचा काय दोष? आणि निकाल वाढवायचाच झाला तर नववीतच कच्ची पोरं मागे ठेवायची, म्हणजे दहावीचा निकाल आपोआप वाढतो. पुढे या अटी मागे पडल्या.

आंध्रचा प्रयोग

२००५ च्या सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत मोठा प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. काही शाळांत बक्षीस प्रत्येक शिक्षकाला वेगवेगळं होतं, काही शाळांत सगळ्या शिक्षकांना मिळून होतं, तर काही शाळा बक्षिसाशिवाय तशाच ठेवल्या. कोणत्या शाळेला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे वशिल्याला जागा नको.

नियम सोपा होता. वर्गाचे सरासरी गुण आधीच्या परीक्षेपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त वाढले, तर ५ च्या वरच्या प्रत्येक टक्क्याला ५०० रुपये. कोणाचाही पगार कापला नाही. परीक्षा शाळेने नाही, बाहेरच्या लोकांनी घेतली.

दोन वर्षांनी बक्षिसाच्या शाळांतली पोरं गणितात आणि भाषेत बाकीच्यांच्या पुढे गेली. ज्या विषयांना बक्षीस नव्हतं, त्या विज्ञान आणि सामाजिक शास्त्रातही त्यांचे गुण वाढले. शिक्षकांची सरासरी कमाई किती वाढली? वर्षाच्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या थोड्या पैशात फरक पडला.

यातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. शाळेला दांडी मारण्याचं प्रमाण बक्षिसामुळे कमी झालं नाही. जे शिक्षक येत होते, त्यांनी जास्त मेहनत घेतली. गृहपाठ दिला, शाळेच्या वेळेबाहेर वर्ग घेतले, सराव परीक्षा घेतल्या, कच्च्या पोरांकडे लक्ष दिलं. थोडक्यात, शिकवणाऱ्याला बक्षिसाने हुरूप आला, न येणाऱ्याला बक्षिसाने शाळेत आणलं नाही. त्याला हजेरी आणि तपासणीच लागते.

मग सगळीकडे हे का चाललं नाही?

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात २००६ ते २००९ अशी तीन शैक्षणिक वर्षं गणिताच्या शिक्षकांना १५ हजार डॉलरपर्यंत बक्षीस ठेवलं होतं. एकंदरीत पोरांच्या गुणांत विशेष फरक पडला नाही. केनियात शाळांना परीक्षेच्या निकालावर बक्षिसं दिली. तिथे सराव वर्ग वाढले, ज्या परीक्षेवर बक्षीस होतं तिचे गुणही वाढले, पण बक्षीस बंद झाल्यावर ती वाढ टिकली नाही. पोरं शिकली कमी, घोकली जास्त.

सगळ्यात वाईट प्रकार अमेरिकेतल्याच अटलांटा शहरात उघड झाला. तिथे गुणांचं लक्ष्य गाठलं तर बक्षीस आणि नाही गाठलं तर नोकरीवर टांगती तलवार, असा कारभार होता. २०११ च्या चौकशीत ४४ शाळांमधले १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक गैरप्रकारात अडकलेले आढळले. उत्तरपत्रिकेतली चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली जात होती. पुढे काहींना कोर्टात शिक्षाही झाली. कागदावर पोरं हुशार झाली, वर्गात होती तिथेच राहिली. परीक्षेच्या वेळी केंद्राबाहेर खिडक्यांना लोंबकळणारे लोक ज्यांनी पाहिलेत, त्यांना यावर जास्त सांगायची गरज नाही.

नुसते मार्क की झालेली वाढ?

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत पोरांचे सरासरी गुण जूनमध्ये ७० होते आणि मार्चमध्ये ७६ झाले. घरी शिकलेले आईबाप, संध्याकाळी शिकवणी. दुसरी शाळा तांड्यावरची. तिथली पोरं जूनमध्ये २५ वर होती, मार्चमध्ये ४१ वर आली. दोन शिक्षक, चार वर्ग.

नुसते मार्क बघितले तर ७६ वाले गुरुजी हुशार आणि ४१ वाले नापास. पण वाढ बघितली तर पहिल्या शाळेत ६ गुण वाढले, दुसरीत १६. आंध्रच्या हिशोबाने पहिल्या गुरुजींना ५०० रुपये मिळतील, दुसऱ्यांना ५,५००. खरी मेहनत कुठे झाली हे लगेच कळतं.

नुसत्या मार्कांवर पगार ठेवला तर तांड्यावर, पाड्यावर, ऊसतोडीच्या गावात बदली कोण घेईल? दिवाळीनंतर आईबापाबरोबर फडावर जाणारं पोर पाडव्याच्या सुमारास परत येतं. त्या मधल्या महिन्यांचा हिशोब गुरुजींच्या पगारातून कापला, तर पुढच्या वर्षी अशा पोराला वर्गात घेताना गुरुजीच कचरतील. म्हणून वाढ मोजतानाही स्थलांतर करणाऱ्या पोरांसाठी वेगळा नियम लागेल, नाहीतर त्यांची नावं पटावरून गळायला वेळ लागणार नाही.

महात्मा फुल्यांनी काय मागितलं होतं?

हा वाद आजचा नाही. १८६२ पासून इंग्लंडमध्ये 'जसा निकाल तसा पैसा' ही पद्धत होती. तपासनीस येऊन वाचन, लेखन, गणित तपासायचा आणि त्यावर शाळेचं अनुदान ठरायचं. पोरांकडून पाठांतर करून घेणं वाढलं आणि शतक संपता संपता ती पद्धत सोडून द्यावी लागली.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतिराव फुल्यांनी निवेदन दिलं. खेड्यातल्या शिक्षकाचा पगार फार तुटपुंजा आहे, तो किमान १२ रुपये तरी असावा, मोठ्या गावात १५ ते २० रुपये असावा, असं त्यांनी मांडलं. त्याच निवेदनात, जास्त मुलं पास करणाऱ्या शिक्षकाला उत्तेजन म्हणून पगाराशिवाय वेगळा भत्ता द्यावा, असंही त्यांनी सुचवलं. आधी पोट भरेल असा पगार आणि चांगल्या कामाचं बक्षीस त्याच्या वर. आंध्रच्या प्रयोगात जे दिसलं, त्याची वाट यापेक्षा फार वेगळी नाही.

गावाने काय करावं?

पगाराचा नियम मंत्रालयात ठरतो, तो ग्रामसभेत बदलत नाही. पण पोरांची वाढ मोजणं गावाच्या हातात आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बहुतेक ठिकाणी बैठकीच्या रजिस्टरवर सही होते आणि चहा होतो. त्याच बैठकीत दर तीन महिन्यांनी चार प्रश्न विचारता येतात.

१. जूनमध्ये किती पोरांना परिच्छेद वाचता येत होता, आज किती जणांना येतो?

२. वजाबाकी आणि भागाकार किती जणांना जमतो? मागच्या वेळी किती जणांना जमत होता?

३. शिक्षक किती दिवस शाळेबाहेरच्या कामात होते? जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बिगरशैक्षणिक कामाला शिक्षकांना लावू नये, असं हाच कायदा सांगतो.

४. मंजूर जागा किती, भरलेल्या किती? जागा रिकामी असेल तर समितीचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घ्यावी.

आकडे वहीत लिहून ठेवले की वर्षाच्या शेवटी चित्र साफ होतं. पोरं पुढं सरकली असतील तर त्या गुरुजींचा किंवा बाईंचा ग्रामसभेत सत्कार करावा. सरकली नसतील तर कारण त्यांनाच समोर बसवून विचारावं. दांडी असेल तर ती लेखी कळवावी. गुरुजी एक आणि वर्ग चार असतील, तर भांडण गुरुजींशी नाही, पंचायत समितीशी आहे.

येत्या बैठकीची तारीख मुख्याध्यापकांना विचारून घ्या, आणि जाण्याआधी घरात एकदा आपल्या पोराच्या हातात पुस्तक देऊन बघा. आज कितवं पान वाचता आलं, ते लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा वाचायला लावलं की गुरुजींच्या कामाचा पहिला हिशोब तुमच्या घरातच मिळेल.