गाडी बदलताना सामानाची सोय
दोन गाड्यांच्या दरम्यान काही तासांचा अवधी असल्यास भारतीय रेल्वेच्या प्रवाशाने सामान फलाटावर सोडून न जाता ते क्लोक रूममध्ये, म्हणजे मोठ्या स्थानकांवरील सशुल्क सामान-कक्षात, ठेवणे हिताचे असते. तेथे वैध तिकीट दाखवावे लागते आणि कुलूपबंद सामानच स्वीकारले जात असल्याने प्रत्येक बॅगेला कुलूप लावणे, तसेच नाशवंत व ज्वालाग्राही वस्तू आत न ठेवणे आवश्यक ठरते. शुल्क नगामागे २४ तासांच्या हिशेबाने आकारले जाते. रोकड, दागिने, औषधे व कागदपत्रे मात्र स्वतःजवळच बाळगावीत. आणि पावती कटाक्षाने जपावी, कारण ती हरवल्यास हमीपत्र, म्हणजे नुकसानीची जबाबदारी स्वीकारणारा लेखी करार, करून द्यावा लागतो व त्यात पुढची गाडी चुकण्याचा धोका असतो.