गतीला लगाम : लेखांक सातवा – डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइल

मागील लेखांकाच्या अखेरीस टायर आणि रस्ता यांच्यामधील पकडीचा विचार आपण पुरा केला. आता त्या पकडीच्या भरवशावर गाडी थांबवणाऱ्या यंत्रणेकडे, म्हणजे ब्रेककडे, वळावयाचे आहे, आणि तिचा आरंभ मी मुद्दाम घाटापासून करणार आहे, कारण चिंचवडच्या मनुष्याला ब्रेकची खरी ओळख थरमॅक्स चौकातील सिग्नलवर होत नाही, ती खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना होते.

थोडा हिशेब मांडू. 1200 किलो वजनाची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगाने धावत असता तिच्या अंगी सुमारे 463 किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग ताशी 50 वर आला की ती निम्मी होत नाही, चतुर्थांश होते, म्हणजे अवघी 116 उरते. गाडी उभी राहते तेव्हा ही सर्व ऊर्जा कोठे लुप्त होत नाही; बहुतांशी ती पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून उष्म्याच्या रूपाने प्रकट होते. तिचा सत्तर टक्के भाग पुढील दोन डिस्कांच्या वाट्यास आला आणि प्रत्येक डिस्क पाच किलो बिडाची धरली, तर अशा एका थांब्यात डिस्कचे तापमान साधारण 70 अंशांनी चढते. आता तीच गाडी घाटातून 500 मीटर उंची उतरली तर जवळजवळ 5900 किलोज्यूलची वासलात लावावी लागते. ताशी 100 च्या वेगावरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतका हा उष्मा आहे, आणि गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून त्यातला मोठा हिस्सा इंजिनाच्या माथी मारला नाही तर तो सगळा बिचाऱ्या ब्रेकला पचवावा लागतो. ब्रेक वाढवायचे म्हणजे काय वाढवायचे, या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांतच आहे. सुस्थितीतील मूळ ब्रेक चारही चाके जागीच रोखण्यास समर्थ असतात. तेथून पुढे थांबण्याचे अंतर टायर ठरवतो. सबब मोठी डिस्क बसवून पहिला थांबा आखूड होईल ही अपेक्षा व्यर्थ आहे. ती बसवायची ती पाचवा, आठवा, दहावा थांबा पहिल्यासारखाच व्हावा म्हणून.

उदाहरणासाठी मी आपल्याच पट्ट्यातील गाडी घेतो. चाकणचा फोक्सवागेन कारखाना 31 मार्च 2009 रोजी सुरू झाला, आणि तेथून निघालेल्या पोलो गाडीची जीटी टीएसआय ही आवृत्ती, 1.2 लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, 105 अश्वशक्तीची, 2013 मध्ये बाजारात आली. दोन आसनांच्या, छप्पर उघडणाऱ्या विलायती गाडीलाच स्पोर्ट्स कार म्हणावे असा ज्यांचा आग्रह आहे त्यांना हे उदाहरण रुचणार नाही. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत आकुर्डी-निगडीच्या तरुणांनी जिच्यावर आपला वेगाचा छंद जोपासला ती गाडी हीच, आणि पोलोचे येथील उत्पादन 2022 मध्ये थांबल्यापासून ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती जाऊन तिचे ब्रेक जुने होत चालले आहेत, ही वस्तुस्थिती विचारात घेण्याजोगी आहे. पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी तिची रचना आहे. मागच्या ड्रमांचा विषय स्वतंत्र असल्याने तो पुढील लेखांकासाठी राखून ठेवतो.

ज्या गावात ब्रेक बनतात त्या गावात ते समजून घेण्याची हौस असावी, असे मला मनापासून वाटते. ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा 'बायब्रे' नावाचा मोटरसायकलचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबून धरणारा चिमटा, चाकणमध्ये तयार होतो आणि 2012 पासून बजाजच्या चाकण कारखान्यातून निघालेल्या केटीएम ड्यूक 200 च्या पुढच्या चाकावर तो बसत आला आहे. डिस्कची कल्पना मात्र फार जुनी. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने तिचे पेटंट 1902 मध्येच घेतले होते. पण 1953 मध्ये ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वार सी-टाइप गाडीने डिस्क ब्रेकांच्या बळावर जिंकली तेव्हा कोठे मोटारजगताची खात्री पटली. दिवसरात्र चालणाऱ्या त्या शर्यतीत प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम आपल्याच उष्म्यात कोंडून निस्तेज होत होते, आणि उघड्या हवेत फिरणारी डिस्क मात्र निवत होती.

आता प्रत्यक्ष कामाकडे. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. सोसायटीच्या उतरत्या रॅम्पवर किंवा पेव्हर ब्लॉकच्या सैल फरशीवर हे काम कदापि करू नये. मागील चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी, चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, आणि गाडी उचलल्यावर तिचा भार जॅकवर न ठेवता लोखंडी घोडीवर घ्यावा. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नसतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालणे हा जिवाशी खेळ आहे.

चाक निघाले की प्रथम मोजमाप. माझ्या इमारतीत एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात, मी पहिल्यांदा डिस्क बोटाने चाचपून चांगली आहे असे ठरवीत होतो, तेव्हा ते घरातून आपला मायक्रोमीटर घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, डोळ्यानं नका बघू, यानं बघा." त्या एका वाक्याचे माझ्यावर फार ऋण आहे. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीसारख्या भागावर तिची किमान जाडी कोरलेली असते. आठ ठिकाणी जाडी मोजावी, एकही आकडा त्या मर्यादेखाली आला तर दोन्ही बाजूंच्या डिस्का एकदम बदलाव्यात, आणि आकड्यांत आपापसांत किती तफावत आहे तेही टिपून ठेवावे. ब्रेक दाबताच पेडल थरथरू लागले की 'डिस्क वाकली' असे आपण म्हणतो; वास्तविक डिस्क बहुधा वाकलेली नसते, तिची जाडी ठिकठिकाणी विषम झालेली असते, आणि मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा फरकही पायाला जाणवतो. या विषमतेचे मूळ पुष्कळदा हबवर चढलेल्या गंजात असते. गंजाच्या कणावर बसलेली डिस्क किंचित तिरकी फिरते, प्रत्येक फेरीत एकाच जागी पॅडला चाटते आणि काही हजार किलोमीटरांत तेथे झिजते. म्हणून नवी डिस्क बसवण्यापूर्वी तारेच्या ब्रशने हब चकचकीत होईपर्यंत घासावा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात ही खबरदारी नवीन डिस्कच्या किमतीइतकीच मोलाची ठरते.

कॅलिपर सुटला की तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने स्प्रिंगला टांगावा. पिस्टन मागे रेटण्यापूर्वी बॉनेटखालची ब्रेक ऑइलची टाकी पाहावी, कारण मागे ढकललेले ऑइल तेथे चढते, आणि ओसंडून रंगावर पडले तर रंग उतरवते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या बोटाने सहज सरकल्या पाहिजेत. त्या अडकल्या की आतला पॅड झिजून पत्र्याला लागतो आणि बाहेरचा जवळजवळ कोरा राहतो. या पिनांना सिलिकोन ग्रीसच लावावे. साधे पेट्रोलियम ग्रीस लागले की त्यांची रबरी टोपणे फुगतात. जुन्या पॅडची भुकटी फुंकून वा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

येथे मला एक आठवण सांगणे प्राप्त आहे. पॅड बसवून, चाके आवळून, समाधानाने गाडी सुरू करून मी रॅम्पच्या तोंडाशी आणली आणि ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला गेले. मागे रेटलेले पिस्टन पॅडपर्यंत पुन्हा आलेच नव्हते, कारण इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दहा-पंधरा वेळा दाबण्याचे मी विसरलो होतो. हँडब्रेकमुळे गाडी थांबली. रॅम्पच्या खाली त्या वेळी मुले खेळत असतात, हा विचार कित्येक दिवस माझ्या मनातून गेला नाही. वाचकाने हा लेख बाजूला ठेवला तरी चालेल, पण ही एक गोष्ट बॉनेटवर खडूने लिहून मग कामाला हात घालावा.

सुधारणेचा क्रम कोणता, याविषयी माझे मत निश्चित आहे : प्रथम ब्रेक ऑइल, मग पॅड, मग नळ्या, आणि सर्वांत शेवटी मोठी डिस्क. दुकानात हा क्रम नेमका उलटा सांगितला जातो. ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषून घेते. डॉट 4 प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो, पण पाण्याचा अंश मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा 155 वर येते, डॉट 5.1 साठी हे आकडे 260 आणि 180 आहेत. घाटात कॅलिपर तापला आणि आतले ऑइल उकळले की वाफ तयार होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि चालकाच्या पायाखालचे पेडल रिकामे होते. दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, काही शे रुपयांचे ऑइल बदलणे ही या सर्व कारभारातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपकारक सुधारणा होय. नावे सारखी भासली तरी डॉट 5 हा सिलिकोनचा निराळा जिन्नस आहे, त्याची डॉट 4 शी भेसळ होता कामा नये. ऑइल बदलताना आत शिरलेली हवा काढण्यासाठी एकाने पेडलवर बसावे आणि दुसऱ्याने कॅलिपरवरील निपलपाशी. "दाबा", "धरा", "सोडा" हे तीन हुकूम मोठ्याने द्यावेत, निपल बंद झाल्यावाचून पाय उचलू नये, आणि टाकीतली पातळी तळाला जाऊ देऊ नये, कारण एबीएसच्या ठोकळ्यात हवा शिरली तर ती काढण्यास संगणकाची जोड लागते आणि घरचे काम गॅरेजमध्ये जाते.

पॅड निवडताना खोक्यावरील शर्यतीच्या चित्राकडे पाहू नये, पॅडच्या पाठीवर छापलेली इंग्रजी अक्षरांची जोडी पाहावी. पहिले अक्षर सामान्य तापमानातील घर्षण सांगते, दुसरे तापल्यावरचे. ई म्हणजे घर्षणगुणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. शुद्ध शर्यतीचे पॅड तापल्यावाचून पकड घेत नाहीत. जानेवारीच्या पहाटे घरातून निघून पहिल्याच चौकात शाळेची रिक्षा आडवी आली तर ते उपयोगाचे नाहीत.

मोठ्या डिस्कविषयी आता थोडक्यात. फोक्सवागेनच्या गाड्यांत 256 आणि 288 मिलिमीटर ही दोन मापे रुळलेली आहेत. पहिलीवरून दुसरीवर गेल्यास पॅड जेथे पकडतो ती त्रिज्या अंदाजे एक-सप्तमांशाने वाढते आणि लोखंडाचे वस्तुमानही वाढते, म्हणून उष्मा सावकाश चढतो. पण त्याबरोबर कॅलिपर, त्याचा आधार आणि पुष्कळदा चाकही बदलावे लागते. खरेदीपूर्वी पुठ्ठ्याचा साचा कापून तो चाकाच्या आत फिरवून पाहावा. शिवाय केवळ पुढचेच ब्रेक बळावल्याने पुढचा-मागचा तोल बिघडू शकतो, आणि हा तोल ठरवण्यासाठी कारखान्याने जी मेहनत घेतलेली असते ती आपल्याला पार्किंगमध्ये पुन्हा करता येत नाही. भोके पाडलेल्या डिस्का दिसावयास देखण्या, परंतु वारंवार तापल्यावर त्यांच्या भोकांच्या काठापासून तडे जातात. कायद्याचाही विचार हवा : मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कसोशीने लावला. मूळ मापाचे पॅड, डिस्क वा ऑइल बदलणे ही दुरुस्ती होय. मोठा संच हा फेरफार ठरू शकतो, म्हणून आधी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांच्याकडे लेखी विचारणा करावी आणि पावत्या दप्तरी ठेवाव्यात.

चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचने, या गाडीसाठी 120 न्यूटन-मीटरला, आवळावेत. पायाने पान्यावर उभे राहून आवळण्याची रीत सोडून द्यावी. असमान आवळलेल्या बोल्टांनीही डिस्क तिरकी बसते. त्यानंतर पॅड आणि डिस्क यांची सोयरीक जुळवावी लागते. त्यासाठी मी गुरुवारची सकाळ निवडतो, कारण औद्योगिक वसाहतीतील बहुसंख्य कारखान्यांची ती साप्ताहिक सुट्टी असते आणि एरवी ट्रकांनी भरलेले एमआयडीसीचे रस्ते बरेचसे मोकळे मिळतात. मागे कोणी नाही हे आरशात पाहून ताशी 60 वरून 15 पर्यंत वेग खंबीरपणे, पण चाके न अडकवता, आणावा. पूर्ण थांबू नये. अर्धा किलोमीटर चालवून पुन्हा तसेच करावे. पॅडच्या निर्मात्याची सूचना असेल तर तीच पाळावी, नसेल तर आठ-दहा वेळा पुरते. शेवटी ब्रेकला हात न लावता काही किलोमीटर सावकाश फिरावे, आणि घरी आल्यावर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये, चाकाला अडण लावून, निवू द्यावी. तासाभराने डिस्कवर करड्या रंगाची एकसारखी पातळ साय आलेली दिसते. तिच्यात पट्टे वा डाग दिसले तर चाक पुन्हा काढून हबकडे पाहावे.

(पुढील लेखांकात : मागचे ड्रम, हँडब्रेकची तार आणि लायनर)