गच्चीवर पक्के वाफे बांधताना
जुळे सोलापुरात बंगल्याच्या गच्चीवर पक्के वाफे हवे असतील, तर आधी वजनाचा हिशेब करा. दीड फूट खोल ओली माती दर चौरस मीटरला साधारण ७०० ते ८०० किलो भरते. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार अवघा १५० किलो. म्हणून वाफ्याची जागा नकाशातच, बीमवर ठरवावी. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक वीटही रचू नये. तळाला वॉटरप्रूफिंग, उतार आणि निचऱ्याचा पाइप हवाच. अंगणातही वाफा करणार असाल, तर तिथली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून तिथे वाफा घराच्या भिंतीला चिकटवू नका. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पश्चिमेच्या वाफ्यात बोगनवेल किंवा अडेनियम लावा. नाजूक रोपांचा हट्ट तिथे नकोच.