छातीचा एक्स-रे आणि न विचारलेला प्रश्न

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही, त्यामुळे तो सर्वांना खुला राहिला. आज तालुक्याच्या गावीही छातीचा एक्स-रे काढता येतो. मात्र त्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर काय दिसते, हे आपल्यापैकी अनेकांना कोणी समजावून सांगितलेले नसते.

एक्स-रे म्हणजे शरीराची सावली. हवा किरणांना फारशी अडवत नाही, म्हणून हवेने भरलेली फुप्फुसे काळी दिसतात. हाडे किरणांना अडवतात, म्हणून बरगड्या पांढऱ्या उमटतात. हृदयाची छटा या दोहोंच्या मधली असते. ‘दीर्घ श्वास घ्या, रोखून धरा’ असे सांगतात, ते फुप्फुसे पूर्ण फुलावीत आणि चित्र हलू नये यासाठी. जिथे हवा असायला हवी तिथे पू, पाणी किंवा जुना व्रण असेल, तर पांढरा डाग दिसतो. म्हणून डाग हे रोगाचे नाव नव्हे. तो न्यूमोनियाचा असू शकतो, क्षयाचा असू शकतो किंवा बऱ्या झालेल्या जुन्या आजाराची खूणही असू शकते. क्षयाच्या निश्चितीसाठी थुंकीची तपासणी आवश्यक असते.

दगडखाणीत किंवा खडी फोडण्याच्या कामावर राबणाऱ्याच्या फुप्फुसांत सिलिकाची सूक्ष्म धूळ साचते आणि सिलिकोसिस होतो. त्याचे डाग बहुधा फुप्फुसांच्या वरच्या भागात उमटतात, क्षयाचेही तिथेच. दोन्ही सावल्या सारख्या दिसू शकतात. त्यांतील भेद उलगडण्यासाठी एक साधा प्रश्न विचारावा लागतो: ‘आपण काम काय करता?’ तो विचारला गेला नाही, तर मजुराला क्षयाची औषधे मिळतात आणि तो पुन्हा त्याच धुळीत जातो. सिलिकोसिसने झालेली हानी भरून येत नाही आणि त्या रुग्णाला क्षयाचा धोकाही अधिक असतो. कायद्याने हा व्यवसायजन्य रोग मानला आहे, त्यासाठी भरपाईची तरतूदही आहे. मात्र कागदावर केवळ ‘क्षय’ लिहिले गेले, तर तो हक्क हातून निसटतो.

दुसरा प्रश्न ताटाचा. झारखंडमधील चार जिल्ह्यांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना काही महिने जादा शिधा देण्यात आला. ज्या घरांत केवळ रुग्णालाच शिधा मिळाला, त्यांच्या तुलनेत या कुटुंबीयांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. जंतू सर्वांवरच हल्ला करतो. पण अर्धपोटी देह आणि खिडकी नसलेली, दाटीची खोली त्याला लवकर वश होतात. आजाराला ‘नशीब’ म्हणणे हा इतिहासाच्या अभ्यासकाला न पटणारा निष्कर्ष आहे. कारण नशिबाला कारणे नसतात, आजाराला असतात.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एवढीच विनंती: दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, बारीक ताप किंवा वजनात घट असल्यास सरकारी दवाखान्यात जा, क्षयाची तपासणी व औषधे तेथे विनामूल्य आहेत. उपचार मध्येच सोडू नका. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपले काम, आपली धूळ, आपली चूल त्यांना स्वतःहून सांगा. आणि आपल्या वसतिगृहातून शिकलेले कोणी उद्या डॉक्टर झाले, तर त्यांनी फिल्म उजेडासमोर धरण्यापूर्वी समोरच्या माणसाला तो प्रश्न अवश्य विचारावा.